आधी हात दाखवा

आमच्या कॉलेजातल्या डिझाईन लॅबच्या सरांनी आजवर कुठल्याही माणसाचा चेहरा आधी पाहिलेला नाही. ते आधी हात बघतात. चेहऱ्याची पाळी नंतर येते, आणि हात पसंत पडले नाहीत तर येतही नाही. स्वतःच्या लग्नाच्या वेळी पोह्यांची बशी घेऊन समोर आलेल्या मुलीला त्यांनी नाव, शिक्षण, स्वयंपाक असलं काहीही न विचारता "जरा दोन्ही हात पुढे करता का?" एवढंच विचारलं होतं. मुलीच्या वडिलांना वाटलं, जावई ज्योतिष जाणणारा दिसतोय, म्हणून त्यांनी लगबगीनं आपलाही तळहात पुढे केला. वहिनी, म्हणजे तीच मुलगी, ही गोष्ट आल्यागेल्याला सांगतात. "त्या दिवशी माझ्या बोटाला विळी लागली होती. हे बघून म्हणाले, 'चालेल, कामाचा हात आहे.' माझ्या रूपाबद्दल अजून काही बोललेले नाहीत." सांगताना त्यांचा सूर तक्रारीचा असतो, पण चेहरा तसा नसतो.

मी त्याच कॉलेजात संवादकौशल्य शिकवते. इंजिनिअरिंग कॉलेजात संवादकौशल्याच्या बाईंना वरातीमागच्या जनरेटरच्या गाडीइतका मान असतो. लागते सगळ्यांना, वळून बघत कोणी नाही. माझी वर्गखोली सरांच्या लॅबला लागून आहे, त्यामुळे 'मुलाखतीत शांत कसं राहावं' हे मी मुलांना ओरडून सांगत आले आहे. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तिथल्या ड्रिल मशीनच्या आवाजाची तक्रार घेऊन तावातावानं लॅबवर गेले. सर दारातच उभे होते. म्हणाले, "मॅडम, हात." मी म्हटलं, मी मशीन वापरायला नाही, भांडायला आलेय. "मग तर आत येऊच नका," सर शांतपणे म्हणाले. "रागावलेल्या माणसाला मशीनजवळ मनाई आहे. बसा इथं बाहेर, चहा सांगतो." चहा आला, त्यात आलं भरपूर होतं, आणि चहा संपेपर्यंत मला कशाबद्दल भांडायचं होतं ते नीट आठवेना. तेव्हापासून आमची मैत्री आहे. आज त्यांच्याबद्दल लिहायला बसले याचं कारण म्हणजे गेल्या वर्षी सरांचा स्वतःचा उजवा हात थरथरायला लागला. हाताबरोबर लॅबही जाते की काय, या काळजीत आम्ही सगळ्यांनी ते वर्ष काढलं.

सरांच्या लॅबमध्ये नियम पुष्कळ, पण भिंतीवर एकही लिहिलेला नाही. त्यांचं म्हणणं असं की, लिहिलेला नियम वाचून झाला की माणसाला तो पाळून झाल्यासारखा वाटतो. म्हणून सगळे नियम ते स्वतः दारात उभे राहून, प्रत्येकाला, रोज नव्यानं लावतात. अंगठी काढा. बाही वर करा, ओढणी मागे बांधा, केस टोपीत घाला. झोप झाली का? जेवलात का? एकदा एका मुलानं, परीक्षा जवळ आली म्हणून डबा न खाताच आलो, असं कौतुकाच्या अपेक्षेनं सांगितलं. सरांनी त्याला आपल्या डब्यातली मेथीची भाजी आणि पोळी खायला लावली, हात धुवायला लावले आणि मगच आत सोडलं. मुलांच्या मनगटावर त्र्यंबकेश्वरापासून वणीपर्यंतच्या सगळ्या देवांचे दोरे असतात. दोरा काढायला मुलं नाखूष असतात, कारण आईनं बांधलेला असतो. सर आग्रह करत नाहीत. दोऱ्यावर घट्ट मनगटपट्टी चढवतात आणि सांगतात, "देवाला म्हणावं, आत मी आहे, तू थोडी विश्रांती घे."

पायांचंही तसंच. लॅबमध्ये चपला-सँडल चालत नाहीत, बंदच बूट हवेत. ज्याच्याकडे नसतील त्याच्यासाठी दाराशी एक कपाट आहे, आणि त्यात पास होऊन गेलेल्या मुलांनी ठेवून गेलेले बूट. एकदा संस्थेचे अध्यक्ष नव्या मशीनचा नारळ फोडायला आले ते कोल्हापुरी घालून. प्राचार्य डोळ्यांनी खुणा करत होते, पण सरांनी कपाट उघडलंच. अध्यक्षांच्या मापाचा एकच जोड निघाला, त्याच्या दोन्ही टाचांवर कोणीतरी पांढऱ्या रंगात 'पप्पू' लिहिलेलं होतं. अध्यक्षांनी ते बूट घातले, नारळ फोडला, भाषण केलं, आणि सबंध कार्यक्रमाचे पाठीमागून काढलेले फोटो कॉलेजला छापता आले नाहीत.

लॅबच्या एका अख्ख्या भिंतीवर हत्यारं टांगलेली आहेत आणि प्रत्येक हत्याराच्या मागे त्याचाच आकार काळ्या रंगात काढलेला आहे. संध्याकाळी सगळे आकार झाकले गेल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही, मग शेवटची बस जावो नाहीतर सासरे स्टेशनवर येऊन बसोत. ही पद्धत त्यांनी घरीही लागू केली. गंगापूर रोडच्या त्यांच्या घरात गेलं की स्वयंपाकघराच्या भिंतीवर लाटणं, झारा, किसणी, सांडशी यांचे काळे आकार दिसतात. वहिनी म्हणतात, "पाहुण्या बायकांना वाटतं, आमच्याकडे कुणीतरी करणीबिरणीचं बघितलंय." वहिनींनी हे सहन केलं, पण एक दिवस सर रंगाचा डबा घेऊन देवघराकडे निघाले तेव्हा मात्र त्यांनी डबा हातातून काढून घेतला. सरांच्या या साधनसंपत्तीत भर घालणारेही त्यांच्यासारखेच. ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीला लागलेला मुलगा पहिल्या पगाराला पेढ्यांऐवजी नवी कोरी कानस घेऊन येतो, आणि सर ती नाकाशी धरून वास घेतात.

हा माणूस शिकवतो कसा, हे मला सुरुवातीला कळायचंच नाही. कारण ते बोलत नाहीत. मुलगा कानस चुकीची घासत असला की सर ती त्याच्या हातातून काढून घेतात, दोन-चार वेळा सावकाश चालवतात, परत देतात आणि म्हणतात, "असं." त्यांचं सगळं व्याख्यान त्या एका शब्दात. मी चिडवलं की म्हणायचे, "मॅडम, तुमचा विषय चांगला आहे. आमचं काम संपलं की सुरू होतो."

तर तो हात थरथरायला लागला. आधी चहा बशीत सांडायचा, मग सही वाकडी यायला लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं, वाढण्याचा वेग कमी करता येईल, थांबवता येणार नाही. सर हात खिशात घालून वावरू लागले. निवृत्तीला अजून अवकाश होता. वहिनी मला एकदा म्हणाल्या, "लॅब गेली तर हे घरात काय करतील हो? माझ्या फोडणीवर लक्ष ठेवत उभे राहतील." हसत म्हणाल्या, पण पदर डोळ्याला लावलाच.

सरांचा एक नियम मला फार आवडतो. विद्यार्थ्यांनी शेवटच्या वर्षी जी वस्तू बनवायची, ती ज्या माणसासाठी बनवली तो माणूस लॅबमध्ये येऊन ती वापरून बघेपर्यंत काम पुरं झालं असं सर मानत नाहीत. त्यामुळे आमच्या लॅबमध्ये विंचूरचे कांदेवाले आलेत, भांडी घासणाऱ्या मावशी आल्यात, एकदा तर एका मुलीचे आजोबा उठताना आधार देणारी खुर्ची तपासायला आले आणि तिच्यात बसल्याबसल्या झोपले. यंदा मखमलाबादकडची एक मुलगी होती. घरचं झेंडू, शेवंती आणि पालेभाज्यांचं शेत. आईचं मनगट खुरपून खुरपून दुखायचं, म्हणून तिनं मनगट वाकवावं लागू नये अशा वळणाच्या लाकडी मुठीचं खुरपं बनवायला घेतलं होतं. आई आली, हात दाखवून, कपाटातले बूट साडीखाली घालून आत आली. लॅबच्या कोपऱ्यात सरांनी मातीनं भरलेला एक मोठा ट्रे ठेवलाय, त्यात तिनं खुरपून बघितलं.

"वळण चांगलंय, पण मूठ लय जाडी हाय," ती म्हणाली. "बोटं पुरत नाय. घडीभरानं सुटंल हातातनं."

सरांनी सवयीनं लेकीच्या हातातून कानस घेतली. दोनदा ती बरोबर चालली. तिसऱ्यांदा हात असा थरथरला, की कानस घसरून मुठीवर खोल ओरखडा उठला. मुलीची दोन महिन्यांची मेहनत होती. सरांनी कानस तिच्या आकारावर नेऊन टांगली आणि म्हणाले, "बाई, माझी चूक झाली. मूठ नवी करावी लागेल. तुम्हाला पुन्हा यावं लागणार." "येईन की," ती म्हणाली. "बस तर दारातनंच सुटती."

दुसऱ्या दिवशी सर आपणहून प्राचार्यांकडे गेले. ज्याचा हात स्थिर नाही त्यानं मशीनला हात लावायचा नाही, हा माझाच नियम आहे, तो मला लागू झालाय, असं त्यांनी सांगितलं. प्राचार्य भला माणूस. ते म्हणाले, घाई नको, यंदाची मुलांची कामं तुमच्या हाताशिवाय कशी होतात ते बघू, मग ठरवू. तिथून सर थेट माझ्या वर्गात आले आणि शेवटच्या बाकावर बसले. तास संपल्यावर म्हणाले, "मॅडम, हातात घेऊन दाखवणं बंद झालं. तोंडानं कसं सांगायचं, ते शिकवा."

इतकी वर्षं मी या दिवसाची वाट बघितली होती, पण आल्यावर काही मजा आली नाही. मी त्यांना खडू दिला आणि म्हटलं, मला कानस धरता येत नाही असं समजून सांगा. सर उभे राहिले. "कानस धरायची," ते म्हणाले. मग हात खिशातून बाहेर आला. "म्हणजे असं." मी म्हटलं, 'असं' चालणार नाही, आणि माझ्या वर्गात हात पाठीमागे. त्यांनी शाळेतल्या मुलासारखे हात मागे बांधले. त्या दिवशी त्यांना एकच वाक्य जमलं. पुढे रोज जेवणाच्या सुट्टीत यायचे. शब्द सापडले नाहीत की घरी जाऊन वहिनींना पोळी लाटताना निरखायचे, 'आत्ता जोर कुठं दिलास? मनगटात की खांद्यात?' असे प्रश्न विचारून त्यांना हैराण करायचे आणि दुसऱ्या दिवशी नवा ऐवज घेऊन हजर व्हायचे. "पोळीची कड लाटताना जेवढा दाब, तेवढाच. पुढे जाताना द्यायचा, मागे येताना उचलायचा. लाकूड कुरकुरलं तर तुम्ही घाई करताय." मी ऐकत राहायचे. मला कानस अजूनही धरता येत नाही, पण ती कशी धरावी हे आता मी झोपेतही सांगेन.

नवी मूठ त्या मुलीनं पूर्णपणे स्वतःच्या हातानं केली. सर तिच्या बाजूला हात मागे बांधून उभे राहायचे आणि बोलायचे. अडखळत, थांबत, कधी चुकीचा शब्द मागे घेत. कानशीचा आवाज ऐकून सांगायचे, इथं जास्त गेलंय, इथं थांब, बोट फिरवून बघ. मुलगी एकदा वैतागून म्हणाली, "सर, तुम्ही पूर्वी एवढं बोलत नव्हता." सर म्हणाले, "मला तरी कुठं माहीत होतं, मी एवढं काय काय करतोय ते."

आई पुन्हा आली त्या दिवशी प्राचार्यही आले होते, मीही होते. तिनं मातीच्या ट्रेसमोर बसून खुरपायला सुरुवात केली आणि थांबेचना. ट्रेमधली माती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भुसभुशीत करून झाली तेव्हा तिनं मान वर केली. "आता ठणकत नाय," ती म्हणाली. मग खुरपं सरांपुढे धरलं. "तुमी धरून बघा की, सर. तुमीच सांगत होता म्हनं."

सरांनी उजवा हात बाहेर काढला आणि खुरपं घेतलं. हात थरथरत होताच, खुरप्याचं पातं हवेत हलताना सगळ्यांना दिसत होतं. त्यांनी ते मातीत घातलं, ओढलं, पुन्हा घातलं. मुद्दाम पकड सैल केली. मग मुलीकडे वळून, एकेक शब्द नीट लावत, तिला सांगितलं, "माझा हात एवढा हलतोय, तरी मूठ निसटत नाही. ज्याचा हात हलत नाही, त्याला हे कळलं नसतं. चांगली झालीय."

प्राचार्य म्हणाले, पुढच्या वर्षाचं तुमच्या लॅबचं वेळापत्रक तेवढं लवकर द्या. ते एवढंच बोलले आणि गेले. सरांनी खुरपं आईच्या हातात परत दिलं. वर्षभर खिशात असलेला तो हात त्यांनी या वेळी खिशात घातला नाही, समोरच्या टेबलावर ठेवला. तो थरथरत राहिला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो, आणि सर आम्हाला बघू देत होते.