दादाचं दीड एकराचं राष्ट्र

माझा सख्खा थोरला भाऊ राष्ट्राध्यक्ष होता आणि मी त्याचा परराष्ट्रमंत्री. हे सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाचा वास घेतात. घेऊ द्या. त्या राष्ट्रातलं निम्मं मलाही आजवर उमगलेलं नाही, आणि मी तर मंत्रिमंडळात होतो.

दादाची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. निवृत्तीनंतर तो पुसेगावच्या घरात नुसता बसून असे. मग एका सकाळी त्याचा मला हिंगोलीला फोन आला.

"आजपासून आमी वेगळे झालो."

"दादा, आपल्या वाटण्या कधीच झाल्या की."

"तुझ्यापासून न्हाई रे येड्या. देशापासून!"

मी धावत पोचलो, तर दादाच्या दीड एकराला चारी बाजूंनी सुतळी बांधलेली. मधल्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या पत्र्याच्या खोलीवर, वहिनीच्या जुन्या लुगड्याचा झेंडा. सुतळीपाशी तांड्यावरचा आमचा शेजारी काठी घेऊन उभा. तो संरक्षणमंत्री. त्यानं मला अडवलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "होबल होबल."

"काय?"

"नमस्कार म्हन्लं. राष्ट्रभाषा हाय. पाण्याला झिलबू म्हनायचं. बसायचं असलं तर ठुमा."

"तुला एवढ्यात आली?"

"आमाला तांड्याची येते, मराठी येते, हिंदी येते. ही चवथी घातली खिशात. तुमा शहरवाल्यांनाच तकलीफ व्हते."

आत दादा खाकी गणवेश चढवून खुर्चीवर बसला होता. त्यानं वहीचा एक कपटा पार नाकापर्यंत नेला. तो माझा व्हिसा. मग नोकरीतल्या जुन्या तिकिटाच्या पंचनं त्याला भोक पाडलं. भोक पडलं माझ्या सदऱ्याच्या बाहीला. मी समजलो, ही इथली रीत असेल. परक्या मुलखात कोण वाद घालतो? मग चहा आला. दादानं किटली उचलून पहिली धार जमिनीवर सोडली, नंतर कपात. संरक्षणमंत्र्यानं तसंच केलं. मीही केलं, वर डोळे मिटून हात जोडले. काळ्या आईला पहिला घोट! काय संस्कृती उभी केली होती माझ्या भावानं!

पुढच्या पंधरवड्यात शेजारपाजारचे दहा-पंधरा नागरिक झाले आणि रीती वाढत गेल्या. राष्ट्राध्यक्ष बोलताना समोरच्याच्या कानाकडे बघत, म्हणून सगळे एकमेकांच्या कानांशी बोलू लागले. राष्ट्राध्यक्षांची चप्पल डाव्याची उजव्यात असे. संरक्षणमंत्र्यानं लगेच आपलीही बदलली. मी तर हिंगोलीच्या बाजारात भाजीवाल्याच्या कानाकडे बघून भाव विचारू लागलो. तो बिचारा सारखा कान पुसायचा.

वहिनी मात्र कधी आत आली नाही. ती सुतळीवरून डबा द्यायची आणि पाठ फिरवून घरी जायची. एकदा मी तिच्याबरोबर चालत निघालो आणि दादाच्या संस्कृतीचं तोंडभरून कौतुक केलं. ती रस्त्यातच थांबली.

"भावजी, तुमी शिकलेले ना?"

"हो."

"काहून शिकले मग? अहो, त्यांना दिसून न्हाई राहिलं!"

मी बाहीच्या भोकाकडे बघत राहिलो. वहिनी सांगत होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. हिंगोलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं ऑपरेशनची तारीख दिली होती आणि निघायच्या सकाळीच हे स्वतंत्र झाले. आता येत्या शुक्रवारची तारीख होती. तीही हुकली तर डावा डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरनं बजावलं होतं.

"मग तुम्ही आत जाऊन ओढून का नाही आणत?"

"ओढून आलेला माणूस टेबलावर पडून राहतो व्हय? उठून पळंल. त्यांचं ते कायद्याचं बुक आणून द्या मला."

परराष्ट्रमंत्र्यानं आपल्या देशाची राज्यघटना चोरून परदेशी पोचवली. याला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे. दीडशे पानी वही होती, अक्षरं एकमेकांवर चढलेली. वहिनी ओसरीत बसून बोट फिरवत वाचत गेली आणि एका ओळीवर थांबली. लोकसंख्या चव्वेचाळीस. आसनं भरली की थांबायचं नाही, निघायचं. सगळा जन्म एसटीत गेलेला माणूस दुसरं काय लिहिणार? पण देश निघतो म्हणजे कुठं जातो, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. वहिनीच्या बहुतेक शिरलं.

शुक्रवारी सकाळी तिनं अख्खी गल्ली शेतात आणली. म्हातारे, बाया, कडेवरची लेकरं. संरक्षणमंत्री सुतळी वर धरून "होबल होबल" करून दमला. दादा एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजत होता. आनंदानं त्याचा आवाज चढत गेला. "एक्केचाळीस! बेचाळीस! त्रेचाळीस!"

तेव्हा वहिनी वाकून सुतळीखालून आत आली आणि पुढं उभी राहिली. दादाचा हात तिच्या खांद्यावर आला आणि तिथंच राहिला. बांगड्यांच्या आवाजावरून त्यानं आधीच ओळखलं असावं.

"चव्वेचाळीस," तो हळू म्हणाला. मग सवयीनंच त्याच्या तोंडून निघालं, "कुठं जायचं?"

"हिंगोली. डोळ्यांचा दवाखाना. दोन."

संरक्षणमंत्र्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. या वेळी कानाकडे नाही. दादानं टोपी नीट केली आणि म्हणाला, "फुल झाली. चला."

दोन जीपा आधीच रस्त्याला लागून उभ्या होत्या. वहिनीनं कधी सांगितल्या होत्या, देव जाणे. निम्मं राष्ट्र दाटीवाटीनं त्यात बसलं. दादा माझ्या शेजारी होता. नरसीचा फाटा मागे पडल्यावर त्यानं माझं मनगट घट्ट धरलं.

"जागेपणीच करतात का रे?"

"हो. पण दुखत नाही म्हणतात."

"मला लई भेव वाटून राहिलं," तो म्हणाला.

एवढं एक वाक्य बोलायला त्याला अख्खा देश काढावा लागला. की वहीतली ती ओळ त्यानं कुणीतरी न्यावं म्हणूनच लिहून ठेवली होती? मी नंतर विचारलं तर तो नुसता हसला. वहिनीला विचारलं तर म्हणाली, "तुमी चहा घ्या."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डाव्या डोळ्याची पट्टी काढली. दादानं चारदा पापण्या मिचकावल्या आणि समोर बसलेल्या वहिनीकडे बराच वेळ बघितलं.

"तुझे केस पांढरे झाले की," तो म्हणाला.

"त्याला दोन साल झाले," वहिनी म्हणाली आणि डोक्यावरचा पदर मुद्दाम थोडा मागे सारला.