डब्यातला ताजा वास

बावीस वर्षं दुसऱ्याच्या पावाच्या भट्टीपुढे अंग भाजून घेतल्यावर भट्टीवाल्याच्या डोक्यात मालक व्हायचं खूळ शिरलं. पावाच्या एका कंपनीचा माणूस घरी आला, गुळगुळीत कागद पसरून म्हणाला, "दुकान तुमचं, नाव आमचं."

बायकोने विचारलं, "आणि पाव कोण करणार?"

"हेच की! यांच्यासारखा कारागीर आम्हाला कुठे मिळणार?" असं म्हणून तो इतका गोड हसला, की नवरा-बायकोने गाठीशी असलेलं सगळं अनामत म्हणून त्याच्या हवाली केलं.

दुकान उघडलं आणि कळलं, पाव करायचा म्हणजे बटण दाबायचं. सकाळी कंपनीची गाडी पिठाचे गोठलेले गोळे टाकून जायची, दगडासारखे. ते ट्रेवर मांडायचे, घंटी वाजली की बाहेर काढायचे. मळायला टेबलसुद्धा नव्हतं. नुसतं बोट लावून पिठाचं पाणी ओळखणारे त्याचे हात प्लास्टिकच्या मोज्यांत घामेजून जायचे. त्या पावाला वासच नव्हता, म्हणून कंपनीने वासाचा डबाही धाडला होता. तो दर तासाला दारात फवारायचा. लोणी करपवून त्यात साबण कालवावा, तसला तो वास कपड्यांत, केसांत, थेट घशात जाऊन बसायचा. घरी पाऊल टाकलं की बायको म्हणायची, "अहो, आधी अंघोळ करा, मग जेवायला बसा." अंघोळ करूनही त्याला घास जात नसे.

एकदा गाडीतलं थंडाव्याचं यंत्र बंद पडलं. गोळे वितळून एकमेकांना चिकटले, वर आंबूस पाणी सुटलं. त्याने फोन केला, तसा कंपनीचा तपासणीवाला आला. नाकाला रुमाल लावून म्हणाला, "भाजून टाका, मालक. फवारा जरा जास्त मारा."

"तुम्ही खाल का हा पाव?"

"मी कशाला खाऊ? मी काय गिऱ्हाईक आहे?" आणि आलेला माल परत घेतला जाणार नाही, हे करारातलं कलम बोटाने दाखवून तो निघून गेला.

भट्टीवाल्याने ते भाजले. विकलेही. रोज येणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनीही एक नेला. दुसऱ्या दिवशी बाई उरलेला अर्धा पाव पिशवीत घालून परत आल्या. भांडल्या नाहीत. "रात्रभर पोट धरून बसले होते," एवढंच म्हणाल्या, पिशवी काउंटरवर ठेवून चालत्या झाल्या. त्याला कंपनीची किळस आधीपासून होतीच. त्या दिवशी स्वतःची आली.

मग त्याने घरी पीठ मळलं आणि दुकानात स्वतःचे चाळीस पाव भाजले. दार उघडं टाकलं, वासाच्या डब्याला हात लावला नाही. गल्लीतली माणसं नाक वर करून आत आली. निम्मे पाव संपतात न संपतात, तोच तपासणीवाला दारात. कुणीतरी कळवलं असणार.

"बाहेरचा माल? केराच्या डब्यात टाका. वर फिनेल ओता, म्हणजे कुणी उचलून नेणार नाही. चला, मालक."

गिऱ्हाइकं बघत होती. भट्टीवाल्याने उरलेले गरम पाव केराच्या डब्यात टाकले, फिनेलची बाटली उघडली, आणि त्याचा हात थांबला. त्याने बाटली तपासणीवाल्याच्या हातात दिली.

"तुम्हीच ओता. आणि मला मालक म्हणू नका. ऐकून मळमळतं."

त्याच आठवड्यात त्याने किल्ल्या परत केल्या. अनामत बुडाली ती बुडालीच. वर कराराप्रमाणे तीन वर्षं त्याला या गावात पाव विकता येणार नव्हता.

बायकोने करार दोनदा वाचला. म्हणाली, "विकायचा नाही असं लिहिलंय. करायचा नाही असं कुठे आहे?"

आता तो सरकारी दवाखान्याच्या मुदपाकखान्यात आजाऱ्यांसाठी पाव करतो. तिथे काही विकलं जात नाही. हात कोपरापर्यंत पिठात असतात. मात्र बाजारात जायचं झालं, तर अजूनही तो लांबच्या रस्त्याने वळसा घालून जातो. त्या दुकानात नवा मालक आलाय, आणि दारातून तोच वास येतो.