चिकूच्या पानांची साक्ष

आमच्या आळीतली मावशी वनस्पतींची जीवरसायनशास्त्रज्ञ आहे. आळीत तिला 'पाल्याची डॉक्टर' म्हणतात. डहाणूच्या किनाऱ्यावर बोंबील वाळवणाऱ्या घरात ती वाढली. तिची आई वाणगावच्या बाजारात मासे विकायची आणि गिऱ्हाइकांना सांगायची, "पोरगी एवढी शिकली, नि मासे सोडून पाला हुंगत बसते." मावशी हे स्वतःच हसत सांगते. खाजणातल्या भाताला खारं पाणी सोसतं कसं, यावर तिने डॉक्टरेट केली. मग परगावच्या प्रयोगशाळेत सगळी नोकरी पानं वाटण्यात, गाळण्यात, तपासण्यात घालवली. निवृत्त झाली तशी सरळ आळीत परतली आणि एका कॉलेजात हात जोडून कोपरा मिळवला, काम चालू ठेवायला.

मी पत्रकं लिहिते. मोर्चा, घेराव, निवेदन, हेच माझं शिक्षण. विवळवेढ्याच्या पुढे हायवेलगत खडी फोडणारा क्रशर आहे, तो वाढवायचा घाट कंपनीने घातलाय. आजूबाजूच्या चिकूवाड्या पांढऱ्या पडल्यात. आम्ही पत्रकात ठोकून दिलं: धुळीमुळेच फळ गळतं. मात्र क्रशरच्या सरकारी सुनावणीत पत्रकाला कोण विचारतो? डिग्रीवालं माणूस हवं होतं. मी मावशीकडे गेले.

"बोलेन," ती म्हणाली. "आधी पानं बघू दे."

हंगामभर तिने पानं गोळा केली. धुळीच्या वाड्यांतली तर केलीच, पण वाणगावकडच्या, क्रशरपासून लांबच्या वाड्यांतलीही.

"तिकडची कशाला, मावशी? तिकडे क्रशरच नाही."

"म्हणूनच तर."

मला घाई होती. मी पुढे विचारलं नाही.

आता आमच्या संघटनेची एक रीत सांगते. सुनावणीच्या आधी आम्ही पाड्यापाड्यांवर तालीम घेतो. साहेब लोक आधी गोड बोलतात, तुमचं म्हणणं रास्त आहे म्हणतात, आणि मग येतो त्यांचा 'पण'. तिथेच ते आपल्याला विकतात. म्हणून 'पण' ऐकला की घोषणा सुरू करायची, पुढचं वाक्य होऊ द्यायचं नाही. लोकांना हे फार आवडतं. म्हाताऱ्या बायासुद्धा कान टवकारून बसतात.

सुनावणीच्या दिवशी तलासरीत मांडव भरला होता. मावशी माइकपाशी उभी राहिली, चष्मा पुसला. "धूळ बसलेल्या पानांत हरितद्रव्य कमी झालंय. पान ज्या छिद्रांतून श्वास घेतं ती बुजलीत. झाड उपाशी राहतंय. पण..."

मांडव उठला. आणि खोटं कशाला बोलू, पहिली मूठ माझी वर गेली. सवयीने. ती मावशी आहे हे मला कळायच्या आत.

ती थांबली. आरडाओरडा शमल्यावर पुन्हा तेच वाक्य, पुन्हा तोच गलका. मागून कोणीतरी ओरडलं, "किती खाल्लेस गं म्हातारे?" मग सगळ्यांनी धरलं: "कंपनीची बाई, घरी जाई!" ती घोषणा मीच जुळवलेली, दुसऱ्या कुणासाठी. अधिकारी म्हणाला, "मॅडम, वेळ संपला. लेखी द्या." कंपनीचा माणूस खुर्चीत आरामात टेकून बसला होता. त्याला तोंड उघडायची गरजच पडली नाही.

परतताना रिक्षात मी विचारलं, "पुढे काय बोलणार होतीस?"

"वाणगावकडे धूळ नाही, तरी फळ गळतंय. तिथे बुरशी आहे. म्हणजे सगळी फळगळ धुळीची नाही. हे मी नाही सांगितलं तर तो खुर्चीतला सांगेल, आणि मग धुळीबद्दल मी खरं बोलले तेही कचऱ्यात जाईल." ती बाहेर बघत होती. "लेखी द्यायचं तर त्याच झाडांची पानं पुन्हा तपासायला हवीत. एकदाच केलेल्या तपासणीवर मी सही करत नाही. उद्या येशील?"

दुसऱ्या दिवशी आम्ही धुळीच्या वाडीवर गेलो. मावशीच्या हातात बर्फाचा डबा. वाडीवाले काका फाटकात उभे होते. हंगामभर हेच काका तिला आग्रहाने बसवून घ्यायचे.

"तू ये गं आत," ते मला म्हणाले. "ती नको. भर सभेत आमच्या पोटावर पाय दिला तिनं."

माझ्या ओठांवर आलं होतं: काका, तुमच्या झाडांना खरंच काय झालंय हे फक्त हिने बघितलंय, आणि काल ओरडायला मीच शिकवलं होतं. माइक मिळाला की थांबत नाही मी, अशी माझी ख्याती. फाटकात तोंड उघडेना. काका उद्या मोर्चाला आले नाहीत तर? खरंच सांगते, हाच विचार होता डोक्यात.

मावशीने डबा माझ्या हातात दिला. "जा. पानं महत्त्वाची."

मी आत गेले. कुंपणापलीकडून, रस्त्यावर उभी राहून ती सांगत राहिली. "कोवळं नको गं. त्याच्या खालचं. देठ मोडू नकोस. धूळ पुसू नकोस, तीच तर हवीय!" मी ऐकत गेले, तोडत गेले. जन्मात कुणाचं इतकं मुकाट्याने ऐकलं नसेल.

डबा भरला. काकींनी चहा आणला. एकच कप. फाटकाबाहेर मावशी पदराने मान पुसत होती.

"घे, गार होईल," काका म्हणाले.

मी घेतला. संपवलाही.