विमानाचा पट्टा उतरला

हवेत असताना चांगल्या चालत्या इंजिनाचा गळा स्वतःच्या हाताने दाबणारा विद्यार्थी मी पहिलाच, असं आमचे सर म्हणाले. सरांनी आयुष्यभर पोरांना विमान शिकवलेलं, त्यामुळे हा मान माझाच असं मी धरून चालतो.

गोंदियाजवळच्या धावपट्टीवर मी विमान शिकत होतो. बरोबरीची पोरं दिल्लीची, कोचीची, पुण्याची. मी सडक अर्जुनीकडचा, घरी राईस मिल. बाकीच्यांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, की तू आमच्यावर चिडतोस का. मी चिडत नव्हतो, नुसता बोलत होतो. पण ज्या घरात धान भरडणाऱ्या हलरच्या या बाजूने त्या बाजूला 'मीठ द्या' सांगावं लागतं, त्या घरात हळू बोलायला कोण शिकवणार.

तेव्हा बॅचमधली सगळी पोरं सोलो करून मोकळी झाली होती. सोलो म्हणजे सर खाली उतरतात आणि तुम्ही एकट्याने धावपट्टीभोवती फेरा मारून विमान परत आणता, आणि मग बॅचची पोरं तुम्हाला पाण्याच्या बादल्यांनी भिजवतात. मी एकटाच राहिलो होतो. सर म्हणाले, "बेटा, तीन फ्लाइट और देखूंगा. फिर तेरी फाइल चीफ के टेबल पे." चीफच्या टेबलावर गेलेली एक फाइल मला माहीत होती. त्या फाइलवाला पोरगा आता आपल्या वडिलांच्या दुकानात टाइल्स विकत होता.

याच सुमारास मामांनी मला स्वतःचा हेडसेट घेऊन दिला, आवाज मारणारा. यात बारके मायक्रोफोन असतात, ते इंजिनाची घरघर ऐकतात आणि तिच्या बरोबर उलटी घरघर कानात सोडतात. दोघी एकमेकींना खाऊन टाकतात आणि तुम्हाला फक्त हेडसेटमधलं बोलणं ऐकू येतं. तोवर मी स्कूलचा जुना हिरवा हेडसेट वापरत होतो. तो डोकं अडकित्त्यासारखं धरायचा आणि त्याच्या झिजलेल्या गाद्यांतून सगळं इंजिन कानात यायचं. मला ते आवडायचं, कारण मी विमान कानाने उडवत होतो. ताकद किती लावली हे मला आवाजावरून कळायचं. मिलवाल्याचा पोरगा ना. बाबूजी ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि आत धान अटकलं की तिथूनच ओरडायचे, हमालाला कळायच्या आधी. हा कान आपल्यात उतरला आहे याचा मला अभिमान होता. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा समोरच होता, पण त्याच्याकडे मी घड्याळाकडे बघावं तसा बघायचो, सवड मिळाली तर.

तीनपैकी पहिल्या फ्लाइटला मी नवा हेडसेट घेऊन ऐटीत गेलो. त्याच्या वायरीला दोन पिना असतात, एक जाड, एक बारीक. त्या खोवल्या. डोक्यावर टोपी होती, तीवरूनच हेडसेट चढवला. तोंडासमोरचा माइक ओठांना लावला, अगदी आइसक्रीमसारखा. आणि टॉवरला बोललो.

टॉवर म्हणालं, परत सांगा.

मी जोरात सांगितलं. टॉवर म्हणालं, परत सांगा. मग मी घरी बोलतो तसं सांगितलं. शेजारच्या सीटवर सरांनी आपल्या हेडसेटचा एक कान उचलून धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"टॉवर तो सामने ही है," ते म्हणाले. "खिडकी खोल के बोल दे."

मग त्यांनी एकेक करून माझी अब्रू काढली. बारीक पीन अर्धीच आत गेली होती. ती दाबल्यावर टक वाजली. टोपी काढून मागे टाकली, कारण टोपीची कड गादीखाली आली की फट राहते आणि त्या फटीतून सगळी घरघर आत येते. शेवटी माइकवरचा स्पंजचा बोंडा काढला. माइकला एका बाजूला बारका ठिपका होता आणि तो विमानाच्या काचेकडे बघत होता.

"जिसपे निशान है वो होठ की तरफ. और एक उंगली दूर. खाना नहीं है इसको." त्यांनी माइक फिरवला. "अब तक तू इंजिन की बात टॉवर को सुना रहा था."

आता मी कुजबुजलो तरी टॉवरला ऐकू येत होतं. या सगळ्या गडबडीत एक गोष्ट राहिली. आवाज मारायचं बटण वायरीवरच्या डबीवर होतं आणि ते मी दाबलंच नव्हतं.

ते मला हवेत आठवलं. खाली धानाचे बांध, मध्ये एक बोडी, म्हणजे लहानसं तळं, चकाकत होती, फेरा छान चालला होता. म्हटलं, मामांनी एवढं घेऊन दिलं आहे तर बघू तरी. बटण दाबलं.

घरघर गेली. कमी झाली असं नाही, गेली.

आता आमच्या मिलमध्ये घरघर अशी एकदम जाते, त्याचा अर्थ एकच. मोटरवरचा पट्टा उतरला. आणि पट्टा उतरला की घरातल्या कोणत्याही माणसाने, पाहुण्यानेसुद्धा, विचार न करता एक काम करायचं: ओरडायचं आणि मोटर बंद करायची. उतरलेला पट्टा फिरत्या चाकात गेला तर माणसाचा हात घेऊन जातो. हे मला बाराखडीच्या आधी शिकवलेलं. तेव्हा मी ओरडलो, "पट्टा उतरला", आणि हाताने थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा, पूर्ण मागे ओढला.

आता मात्र इंजिन खरंच बसलं. नाक खाली जायला लागलं.

"क्या उतरा?" सर म्हणाले. मग लगेच, "मेरे पास है." त्यांनी माझा हात बाजूला केला, थ्रॉटल पुढे सारला, नाक वर घेतलं. जमिनीवर येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. आवाज मारणारा हेडसेट इतका चांगला होता, की ती शांतता मला अगदी स्वच्छ ऐकू आली.

विमान उभं राहिल्यावर त्यांनी विचारलं, "पट्टा क्या होता है?"

मी मिलचं सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि मग मला ज्याची भीती होती ते बोलले. "मतलब तू आज तक कान से उड़ा रहा था. काटा देखता ही नहीं." मी वायर गुंडाळायला लागलो. "सोलो इसी हेडसेट में होगा, बटन चालू करके. जिस दिन काटे से उड़ाएगा, उस दिन मैं उतरूंगा."

दुसऱ्या फ्लाइटला मी हुशारी केली. बटण बंदच ठेवलं. डबीवर हिरवा दिवा असतो आणि तो चालू असताना लुकलुकतो, एवढं मी लक्षात घेतलं नव्हतं. धावपट्टीवर जायच्या आधीच सरांनी हात लांब केला, डबी उलटी करून पाहिली आणि बटण दाबलं. पुढे हवेत काटा कुठे आणि मी कुठे. उतरल्यावर ते म्हणाले, "एक बची है."

रविवारी घरी गेलो. बाबूजी ओट्यावर खुर्चीत होते, मिल चालू होती. मी तोंडासमोर जाऊन बसलो.

"का झालं रे, तोंड काऊन उतरलं?"

"हवेत इंजिन बंद केलं बाबूजी."

"कायले?"

"वाटलं पट्टा उतरला."

"विमानाले पट्टा रायते?"

"नाही."

त्यांनी थोडा विचार केला. "पण तुले वाटलं न उतरला म्हून. मंग बंद केलं ते बराबर केलं. आंधी बंदच कराव लागते."

"जमिनीवर असलो तर, बाबूजी."

"हाव, ते एक आहे."

मी बॅगेतून हेडसेट काढला. म्हटलं, यांना दाखवतो, म्हणजे कळेल माझी काय गत झाली. त्यांच्या डोक्यावर नीट बसवला, टोपी आधी काढून, शिकलेलं सगळं वापरून. आत हलर धडधडत होता. मी बटण दाबलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. आता दचकतील, आता उठून मोटरकडे पळतील.

बाबूजी शांत बसले होते.

"फरक पडला का?" मी हाताने खूण करून विचारलं.

"काई नाई," ते म्हणाले. "रोज रायते तसंच आहे."

मी हेडसेट काढून स्वतः घातला. हलर गायब. परत त्यांना घातला. ते तसेच, दर्शनाला बसल्यासारखे. मग त्यांनीच तो काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"मले मिल आयकू येत नाई रे. दहा-बारा वर्षं झाले. तोंडासमोर बोललं का समजते."

आमच्या घरात हे कोणालाच कळलं नव्हतं. कळणार कसं, सगळेच ओरडून बोलणारे. फोन आला की ते 'घे, तुझ्या मायशी बोल' म्हणून आईकडे द्यायचे, तो आम्हाला त्यांचा रुबाब वाटायचा.

"मग इथून ओरडता ते? धान अटकलं म्हणून?"

त्यांनी बोटाने खिडकीतून आत दाखवलं. भिंतीवर मोटरच्या अँपिअरचं मीटर होतं. खुर्चीतून ते समोर दिसत होतं, आणि ओट्यावर दुसऱ्या कुठल्याही जागेवरून दिसत नव्हतं.

"धान कमी झालं का काटा खाली येते. अटकलं का वर चढते. माही खुर्ची कोनी हालवली तं मी काऊन चिडतो, इचारलास कधी?"

मला वाटायचं तिथे वारा लागतो.

"कोनाले सांगू नोको," ते म्हणाले. "हमालं मस्ती करतीन."

(हे लिहू का, असं मी परवा त्यांना विचारलं. आता ते कानाला मशीन लावतात. म्हणाले, लिही, हमालं का पुस्तक वाचून राहिले.)

मग त्यांनी मला खुर्चीत बसवलं. डोक्यावर हेडसेट, बटण चालू, डोळे काट्यावर. स्वतः आत गेले आणि जिथून हलरमध्ये धान पडतं तिथली फळी कमी-जास्त करायला लागले. काटा हलला की मी बोट वर करायचं. पहिल्यांदा मी सारखा उशिरा. कान वाट बघायचे आणि डोळे कानाची वाट बघायचे. "झोपून राहिला का बे," ते आतून म्हणत होते, ते मला ओठांवरून कळत होतं. आईने दोनदा जेवायला बोलावलं, ते मात्र दोघांनाही ऐकू आलं नाही. दुपारपर्यंत काट्याचा केसभर झोक गेला तरी माझं बोट वर जायला लागलं. हमाल एकमेकांकडे बघत होते. त्यांच्या मते मालकाचा पोरगा विमान शिकायला गेला आणि डोक्याने गेला.

सोमवारी तिसरी फ्लाइट. सरांनी आधी हिरवा दिवा पाहिला. वर गेल्यावर गप्पा मारायला लागले, जे ते कधी करत नाहीत. "वो तालाब देख, कितना भरा है." मी तलाव पाहिला आणि काटा पाहिला. काटा खाली आला होता. तलाव दाखवता दाखवता दुसऱ्या हाताने त्यांनी थ्रॉटल किंचित मागे घेतला होता.

"सर, आपण कमी केलं," म्हणून मी तो परत पुढे सारला. त्यांनी असं तीनदा केलं. एकदा तलाव, एकदा रेल्वेगाडी, एकदा माझ्या बुटांची नाडी. तीनदाही मी पकडलं.

उतरल्यावर ते म्हणाले, थांब. त्यांनी आपला पट्टा सोडला, खरा पट्टा, सीटचा. हेडसेट काढला, दार उघडलं.

"एक चक्कर मार के आ. मैं नीचे रहता हूं, तेरे साथ मुझे डर लगता है."

दार लागलं. बाजूची सीट रिकामी. सर नव्हते म्हणून विमान लवकर उचललं, आणि ते शांत होतं, इतकं शांत की मी एकटाच बडबडायला लागलो. "काटा पाय बाबू. काटा पाय. बराबर आहे. आता वळ. घाबरून का राहिला बे, वळ. हाव, बस. काटा पाय." असं सगळं चढताना, वळताना, अर्धा फेरा संपेपर्यंत. मग टॉवरला कळवायची वेळ आली म्हणून बोलायचं बटण दाबायला गेलो आणि लक्षात आलं, की ते माझ्या अंगठ्याखाली दाबलेलंच आहे. उडालो तेव्हापासून. स्टिअरिंग भीतीने आवळून धरलं होतं, त्यातच तेही धरलं गेलं होतं. आणि माइकचा ठिपका आता बरोबर ओठांकडे होता, एक बोट लांब.

मी अंगठा सोडला. टॉवरवरच्या बाई बहुधा थांबल्याच होत्या. त्यांनी मला नियमाप्रमाणे सूचना दिल्या, उतरायला परवानगी दिली आणि शेवटी म्हणाल्या, "बाबू, बटन छोड़ के रखना. काटा हम भी देख रहे हैं."

विमान टेकलं. एकदा उसळलं, मग टेकून राहिलं. ओळीत आणून उभं केलं, इंजिन बंद केलं, या वेळी जमिनीवर. खाली उतरलो तर सर समोर उभे, हातात छोटा रेडिओ. म्हणजे खाली सगळ्यांनीच ऐकलं होतं. त्यांच्या मागे बॅचची काही पोरं होती आणि अवघड चेहरे करून दुसरीकडे बघत होती.

"लैंडिंग ठीक," सर म्हणाले. "रेडियो का कल अलग से बात करेंगे."

"सोलो झालं ना सर?"

ते उत्तर न देता जवळ आले. दोन्ही हातांनी माझ्या डोक्यावरचा हेडसेट काढला, हिरवा दिवा बंद केला, वायर नीट गुंडाळून काखेत घेतली आणि चार पावलं मागे सरले. एवढी काळजी कशासाठी हे त्या गडबडीत मला कळलं नाही. मग मागून पहिली बादली डोक्यावर आली.