एका रात्रीपुरतं गावाला

सकाळपासून लंकाबाईची मान वरच होती. दादाभाऊंच्या पाच एकरांत कांदा उपटून पडला होता, पातीसकट, ओळीनं, ऊन खायला. आणि ऊन काही येत नव्हतं. पश्चिमेकडून, म्हणजे नेमकं तिच्या गावाच्या अंगानं, ढग येऊन डोक्यावर बसले होते. गावाकडनं आजवर एक चांगला निरोप कधी आला नाही, आलं ते हे, असं पुटपुटत तिनं कपाळाला हात लावला.

कांदा दादाभाऊंचा, भिजला तर त्यांचा भिजेल, हिला काय, असं कोणी म्हणेल. पण लंकाबाई टोळीची मुकादम. हिरडदऱ्याची चाळीसेक माणसं तिच्या शब्दावर खाली आलेली. तळेघरच्या पुढं रस्ता जिथं दम टाकतो, तिथून पायी चढलं की हिरडदरा लागतो. भात नि नाचणी घरात आली की तिथली धडधाकट माणसं घराला कडी घालून खाली उतरतात. कामाला जातो असं त्यांच्यात कोणी म्हणत नाही, जगायला जातो म्हणतात. दिवाळीनंतर जगायला गेलेलं गाव पावसाच्या तोंडावर परत येतं. दर वर्षी लंकाबाई त्यांना लोणमळ्याला आणायची, दादाभाऊंच्या मळ्यात. अवसरी खुर्दच्या कॉलेजवरून पुढं गेलं की लोणमळा लागतो.

हीच लंकाबाई हिरडदऱ्याच्या ग्रामपंचायतीत सदस्यही होती. बिनविरोध. विरोधात उभं राहायला कोणी गावात तर हवं!

जानेवारीत ती मासिक सभेला वर गेली आणि तिथंच या सगळ्याला तोंड फुटलं. हिरडदऱ्याच्या पायथ्याशी धरणाचं पाणी पसरलंय. सकाळी दार उघडलं की समोर दिसतं. बायका डोक्यावर हंडे घेऊन तो उतार उतरतात नि चढतात, आणि तेच पाणी कालव्यानं खाली जाऊन दादाभाऊंचा कांदा पोसतं. लंकाबाई सदस्य झाल्यापासून एकच मागणं मागत होती, एक मोटर आणि वरपर्यंत पाइप. त्या दिवशी तिनं टेबलावर हात आपटला.

उज्ज्वला नावाची ग्रामसेविका होती, सरळ बोलणारी. ती म्हणाली, "लंकाबाई, तुमच्या घरपट्टीतून दिव्याचे बल्ब येतात, पाइप येत नाही. पाइप यायचा तर वरून निधी आला पाहिजे, आणि तो बहुतेक माणशी येतो. कागदावर तुमची माणसं निम्मीच आहेत."

"निम्मी? मग बाकीची काय मेली?"

"मागच्या जनगणनेला तुम्ही सगळे कुठं होता?"

कुठं असणार? कांद्यात! जी माणसं खाली होती, ती खालच्या गावांत मोजली गेली. वर राहिलेल्या म्हाताऱ्यांनी तर कहरच केला होता. पोरं मोजली की दृष्ट लागते म्हणून त्यांनी नातवंडं कणगीमागं बसवली आणि मोजायला आलेल्या गुरुजींना सांगितलं, घरात आम्ही दोघंच. त्या शहाणपणापायी गाव इतकी वर्षं हंडे वाहत होतं. आणि लोणमळ्याला हायवेच्या कडेचे गाळे, गोदामं, कॉलेजच्या पोरांना भाड्यानं दिलेल्या खोल्या, पट्टी आपसूक जमते. वर पुन्हा हिरडदऱ्याच्या माणसांचा निधी. लंकाबाईचा असा जळफळाट झाला की विचारू नका.

उज्ज्वलानं नियमही सांगितला. फेब्रुवारीत पुन्हा मोजणी आहे. त्या दिवसांत जो एक रात्र तरी घरी टेकला, तो घरचा. जो टेकलाच नाही, तो जिथं सापडेल तिथला. महिना संपला की दार बंद, मग पुढची मोजणी येईपर्यंत रडत बसा.

शिवरात्रीला गाव झाडून वर जातं, कुणाच्या बापासाठी थांबत नाही. पण यंदा शिवरात्र नेमकी मार्चात गेली होती.

खाली येऊन तिनं टोळीला सांगितलं, एक दिवसाची मजुरी सोडायची आणि घरी जाऊन मोजून घ्यायचं. सगळे हसले. तिची सासू साळुबाई झोळीतलं पोर हलवत होती, ती तर उखडलीच.

"मानसं काय नाचनी हाय, पायलीनं मोजायला? मोजलेलं टिकत न्हाई, लंके."

"आत्या, नाचनी मोजताना पयल्या पायलीला एक म्हनता का तुमी?"

"लाभ म्हनतो."

"मग गुरुजींच्या म्होरं पयल्या तुमी बसा. तुमी लाभ. तुमच्या मागनं बाकीची मोजू दे."

साळुबाईनं सुनेकडं जरा वेळ पाहिलं. पहिलं बसायचा मान तिला आवडला असावा. त्यानंतर टोळीत कोणी हसलं नाही, कारण साळुबाईच सगळ्यांच्या मागं लागली.

पण जायचं कधी? आज पाण्याचे दांड पाडायचेत, उद्या कांदा उपटायचाय, परवा पात कापायचीय, असं करत महिना सरत आला. मध्ये एकदा सोनल नावाची शिक्षिका मोजणीचा मोबाईल घेऊन मजुरांच्या पत्र्याच्या शेडांपाशी आली. लंकाबाई आडवी आली. "आमाला हितं मोजू नगा, बाई. आमी घरी जानार हाय."

"जा की, मावशी. पण शेवटच्या दिवशी मी पुन्हा येणार. त्या दिवशी शेडात जो दिसेल, त्याला मी इथंच मोजणार. मला दुसरं काही करता येत नाही."

बांधावर उभे असलेले दादाभाऊ हे ऐकत होते. ते मागं दहा वर्षं लोणमळ्याचे सरपंच होते, माणूस मोजल्यानं पंचायतीत काय येतं हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. ते गोड आवाजात म्हणाले, "मोजून घ्या की हितंच. अर्धं वरीस हितं राबता, हितलं पानी पिता. काय वाईट सांगतोय का मी?"

वाईट नव्हतंच ते. म्हणून तर लंकाबाईनं टोळीला लगेच कामाला पिटाळलं.

आणि आता तो शेवटचा दिवस उजाडला होता. वरच्या गुरुजींचा निरोप होता, संध्याकाळपर्यंत गावात थांबतो, मग उठतो. पिकअपवाला पाठीमागचं फळकट पाडून उभा होता, दर थोड्या वेळानं हॉर्न मारत होता. टोळीनं बोचकी बांधली होती. आणि डोक्यावर हे ढग.

दादाभाऊ तरातरा आले. "लंकाबाई, डोकं फिरलं का? कांदा उघड्यावर टाकून जाता?"

"सकाळी परत येतो. तुमच्या कांद्याला हात लावतो नि मगच चहा पितो."

"नाय जमायचं. शिवरात्र तोंडावर आलीय. एकदा वर गेली का मानसं आठ दिवस खाली दिसत नायत. माझी अक्कल काय गहाण पडलीय?" मग ते लंकाबाईला सोडून टोळीकडं वळले. "आजचा दिवस थांबा राव. आज दुप्पट मजुरी. संध्याकाळी कोंबडं कापतो."

टोळीत चुळबुळ झाली. दोघा-तिघांनी बोचकी खाली ठेवली. एक बाई पुटपुटली, पाइप काय उद्या येनार हाय का? लंकाबाईला वाटलं, हातातलं खुरपं फेकून मारावं. कोणाला, ते तिला नक्की सांगता आलं नसतं.

ती ओरडली, "समोर पानी दिसतंय नि हंडा डोक्यावर घेऊन चढताय. तुमच्या पोरीबी चढनार हायत. तुमाला कोंबडं पायजे तर खावा. पन मंग वर गेल्यावर माज्याकडं पान्याचं नाव काढायचं न्हाई."

पिकअपचा हॉर्न पुन्हा वाजला. साळुबाई काठी टेकत उठली आणि सरळ पिकअपमध्ये जाऊन बसली. तिच्यामागून एकेक जण उठला, बोचकी ठेवणारेही उठले.

दादाभाऊंचा आवाज बदलला. आता त्यात दटावणी नव्हती, भीती होती. "माझं ऐक. समद्यांना जाऊ दे. तू थांब. तू हितं असलीस तर ही मानसं सकाळी येतील, इतकं मला ठावं हाय. तू गेलीस तर कोन येत नाय. आन मी आत्ता एकटा काय झाकू?"

लंकाबाईचा नवरा बहिरू पिकअपचं फळकट लावायला वाकला होता, तो तसाच राहिला. "आसं कसं? तिच्याच तर नादानं निघालोय."

बाकी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, लंकाबाईच्या आलं होतं. आज ती थांबली तर या महिन्यातली एकही रात्र तिनं घरी काढलेली नसणार. नकार द्यावा तर दादाभाऊ वाटेत आडवे पडायला कमी करणार नाहीत, पिकअपवाला त्यांच्याच गावचा. एवढ्यात ढगात कुठंतरी लांब गुरगुरलं.

"जावा तुमी," ती बहिरूला म्हणाली. "अंधार पडायच्या आत पोचा. आत्यांना पयलं बसवा. पोरं कोनी लपवायची न्हाईत."

"आन तू?"

"माजं मी बगते. जावा म्हनते ना!"

पिकअप वळणाआड गेली तसं तिला हायसं वाटलं, आणि लगेच पुन्हा काळजी लागली. वाटेत घाट आहे, टायर आहेत, पाऊस आहे. वर गुरुजी थांबले नाहीत तर? गावात रेंज तर फक्त टेकाडावरच्या देवळापाशी येते. कळणार कसं?

दुपारभर ती, दादाभाऊ आणि त्यांची बायको कांद्याचे ढीग करत राहिली. तिघांना पाच एकर म्हणजे वेडेपणाच होता, पण हात थांबवून चालणार नव्हतं. थेंब पडायला लागले तशा त्यांनी ताडपत्र्या ओढल्या. लंकाबाईचे हात कांद्यावर होते आणि मन प्रत्येक वळणावर त्या पिकअपला धक्का देत होतं.

दिवस कलताना सोनल आली. छत्री, खांद्याला पिशवी, मोबाईल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. शेडं रिकामी बघून ती थबकली.

"मावशी, माणसं कुठंयत?"

"घरी गेली. बोलले व्हते ना मी."

सोनलनं शेडाकडं बोट केलं. आत चुली तशाच होत्या, भांडी तशीच, दोरीवर लुगडी वाळत होती. "सामान तर सगळं इथंच आहे. खरं सांगा, कुठं शेजारच्या मळ्यात पाठवलीत का? खोटं निघालं तर मला सगळ्यांना इथंच घालावं लागेल. दिवाळीपासून इथं आहेत, सगळ्या गावानं पाहिलंय."

लंकाबाईनं दादाभाऊंकडं पाहिलं. त्यांनी एकदा 'शेजारच्या मळ्यात हायत' म्हटलं असतं तर खेळ खलास. दादाभाऊ ताडपत्रीवर दगड ठेवत होते. त्यांनी मान वर केली, खाली घातली, आणि म्हणाले, "गेल्यात. माझ्यासमोर गेल्यात."

"आणि तुम्ही, मावशी? तुम्ही पण जाऊन आलात का मधे?"

हो म्हणायला जिभेला काही कष्ट नव्हते. पण सोनल तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होती, आणि या एका 'हो'वर ती बाकीच्यांचं खरंखोटं ठरवणार, हे लंकाबाईला लख्ख दिसलं.

"न्हाई," ती म्हणाली. "मी न्हाई गेले. मला हितं ल्ह्या."

सोनलनं मोबाईलवरचं प्लॅस्टिक बाजूला केलं. "नाव?"

"लंकाबाई बहिरू असवले."

"कुटुंबात किती माणसं?"

लंकाबाईनं रिकाम्या शेडांकडं पाहिलं. "हितं मी एकलीच."

"मग कुटुंबप्रमुख तुम्हीच." सोनलनं स्क्रीनवर बोट फिरवलं, पाणी पुसलं, पुन्हा फिरवलं. "झालं. बाकीच्यांना मी सोडते."

ती गेली तरी लंकाबाई तिथंच उभी होती. फोन वाजला तेव्हा अंधार पडू लागला होता. बहिरू होता. आवाज तुटत होता, मागं वारा होता.

"झाली! समदी झाली! आय पयली बसली. पोरं बी समदी. गुरुजी म्हनले, आता तुमचं गाव गावावानी दिसतंय." मग तो चाचरत म्हणाला, "तुजं बी नाव सांगितलं मी. त्यांनी इचारलं, कवा आली व्हती घरी? मला न्हाई खोटं बोलता आलं."

"बरं केलं," लंकाबाई म्हणाली. "सकाळी लवकर निगा."

फोन ठेवल्यावर मात्र तिला राहवलं नाही. पदर तोंडात धरून ती रडली. आयुष्यभर ज्या गावासाठी भांडली, त्या गावाच्या मोजणीत तीच नव्हती. दादाभाऊ पलीकडं अवघडून उभे होते. काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, "रडती कशाला? आता कागदावर तू आमच्या गावची झालीस."

लंकाबाईनं डोळे पुसले. "झाले ना? मग माज्या नावाचा निधी आता दर साली तुमच्या पंचायतीत येनार."

"येईल की. एका मानसाचा कितीसा येतोय."

"येवडासा आसंल. पन माजा हाय. पुडल्या ग्रामसभेला मी येऊन बसनार, लोनमळ्याची म्हनून. आन म्हननार, माज्या वाटचं पानी मला वर, हिरडदऱ्यात पायजे."

दादाभाऊ हसले. तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्यांचं हसू तिथंच विरलं.

पाऊस वाढला होता. लंकाबाईनं ताडपत्रीचं एक टोक उचललं आणि दुसरं धरायला त्यांना हाक मारली.