बाबांची राहून गेलेली लस

हिंजवडीच्या कंपनीत लागून मला दोन वर्षं झाली होती, तेव्हा ऑफिसात फ्लूच्या लशीचं शिबिर झालं. आम्ही चेष्टामस्करी करत रांगेत उभे होतो. दंडावर सुई टोचून झाल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरी कुणी वयस्कर आहे?"

"वडील आहेत. त्यांना डायबेटिस आहे."

"मग तुमच्याआधी त्यांना ही हवी. याच आठवड्यात घेऊन जा कुठेतरी. आणि दर वर्षी घ्यायची असते, लक्षात ठेवा."

बाबा अमरावतीला टपाल खात्यात होते. निवृत्तीनंतर आईला घेऊन माझ्याकडे कात्रजला राहायला आले होते. त्यांना सांगितलं, तर हसून म्हणाले, "मले काय होते? तुले सुट्टी भेटली की जाऊ."

सुट्ट्या मिळाल्या. एका शनिवारी क्लायंटचा कॉल होता, एकदा मी दुपारपर्यंत झोपून राहिले. नंतर विसरलेच.

ऑगस्टमध्ये एके दिवशी दुपारी बाबा स्टुलावर चढून पंखा पुसत होते. संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरली. ताप चढला, कोरडा खोकला सुरू झाला, हाडं मोडल्यासारखी दुखू लागली. नाक मात्र वाहत नव्हतं. "व्हायरल आहे, सगळीकडे चालू आहे," असं म्हणून मी तापाची गोळी दिली. दुसऱ्या दिवशी ते सकाळच्या बुद्धवंदनेलाही उठले नाहीत. असं कधीच झालं नव्हतं. तरी मला कळलं नाही. चौथ्या दिवशी ताप थोडा उतरला, तशी मी ऑफिसला गेले.

अकराच्या सुमारास आईचा फोन आला. "बाबा कसंतरीच बोलून राहिले वं. मले ओळखत नाहीत. दम लागून राहिला त्याईले."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, ताप कधीपासून आहे. मी सांगितलं. ते म्हणाले, "एकदम चढलेला ताप, इतकी अंगदुखी, गळून जाणं, ही साधी सर्दी नसते. डायबेटिसच्या पेशंटला पहिल्या दोन दिवसांत आणायला हवं होतं. तेव्हा फ्लूचं औषध चांगलं लागू पडतं."

ऑक्सिजन लावल्यावर बाबा थोडे शुद्धीवर आले. मला बघून मास्कमधून म्हणाले, "आज ऑफिसले नाही गेली?"

"नाही बाबा."

"रागावतील ना ते."

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवलं, आणि त्यानंतर पाचव्या दिवशी ते गेले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मी एकटीच त्या डॉक्टरांकडे गेले. लस घेतली असती तर वाचले असते का, असं विचारलं. "खात्रीनं नाही सांगता येणार," ते म्हणाले. "लस घेऊनही फ्लू होतो कधीकधी. पण बहुतेक वेळा इतका वाढत नाही." मी त्यांचे आभार मानले आणि बाहेर येऊन जिन्यात बसून रडले.

आईनं मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं वाटायचं. पुढच्या वर्षी उन्हाळा संपता संपता, मी ऑफिसला निघाले होते, तर ती इस्त्रीचं लुगडं नेसून दाराशी उभी.

"चाल," ती म्हणाली, "ते इंजेक्शन घेऊन येऊ."

मी ऑफिसला फोन करून आज येत नाही म्हणून कळवलं. दवाखान्यात सुई टोचताना तिनं माझा हात घट्ट धरला होता. नंतर सोडलाच नाही. रिक्षात बसल्यावरही.