माउसच्या पोटातला मळ

जिंतूरच्या स्टँडमागं टायपिंगचं एक दुकान होतं. तिथं नवा कॉम्प्युटर आला आणि मी ऑपरेटर म्हणून लागलो. मी बी.ए., आमच्या वस्तीतला पहिला. विद्यापीठाचं नामांतर झालं त्यानंतरचे ते महिने. माझ्या पदवीच्या कागदावर मात्र जुनंच नाव होतं. मराठी टायपिंग त्या दुकानात दुसऱ्या कुणाला धड येत नव्हतं, म्हणून मला घेतलं. उपकार म्हणून नव्हे.

मशीन एकच. मजकूर मी उतरवायचा आणि मालकाच्या भाच्यानं तो सजवायचा. मथळा ठळक कर, ओळ मधोमध घे, असलं काम. त्यासाठी मजकूर आधी सिलेक्ट करावा लागतो. भाचा ते माउसनं करायचा. बटण दाबून धरायचं आणि ओढत न्यायचं. ओढली तेवढी जागा काळी होते, अक्षरं पांढरी दिसतात. मग त्या तुकड्याचं काय करायचं ते करा.

तेव्हा माउसच्या पोटात रबरी गोळी असायची. ती टेबलावर फिरायची आणि टेबलावरची सगळी घाण आत ओढून घ्यायची. मामा-भाचे दोघंही तंबाखू खाणारे. चुना मळलेली बोटं तशीच माउसवर. भज्यांचं तेल, घाम, डोक्यातला कोंडा, सगळं आत जायचं आणि बारीक रुळांवर त्याची काळी चिकट वेटोळी बसायची. मग पडद्यावरचा बाण अडखळायचा, नको तिकडं उडी मारायचा. की झाली मालकाची हाक, "आरं, जरा हे साफ कर की. तुझा हात बसलाय त्याला."

हात कसा बसला? एकदा मीच कुतूहलानं उघडून बघितलं, एवढंच. तेव्हापासून ते माझं काम ठरलं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, विचारायची सोय नाही. ती वेटोळी नखानं खरवडायची, ती नखातच बसायची. दुपारी भाकरी मोडताना हात धुऊनसुद्धा बोटांना त्यांच्या तंबाखूचा, थुंकीचा वास. माझ्या बापानं गावातली मेलेली जनावरं ओढणं बंद केलं तेव्हा गावानं त्याला कामाला बोलावणं सोडलं. तरी तो वाकला नाही. आणि मी पदवी घेऊन दुसऱ्यांच्या बोटांचा मळ उकरत बसलो होतो. माउसची किळस यायचीच, पण मालकाच्या त्या गोड आवाजाची जास्त यायची.

साफ करण्यापुरतं सोडलं तर मी माउसला हात लावणंच सोडलं. शिफ्ट दाबून धरायची आणि बाणाचं बटण चालवायचं. काना वेगळा, मात्रा वेगळी, असं एकेक चिन्ह काळं होत जातं. शिफ्ट धरून एंड दाबलं तर ओळीच्या टोकापर्यंत. भाचा हसायचा, "गोगलगाय चाललीया बगा!" चालू दे म्हटलं. तेवढा वेळ तरी माझी बोटं स्वच्छ राहायची.

एक दिवस चारठाण्याकडचे एक गुरुजी शाळेच्या संमेलनाची पत्रिका घेऊन आले. मी टाइप केली, सेव्ह केली आणि उठलो. भाचा बसला. त्याला एकच ओळ ठळक करायची होती. बाण अडखळला, त्यानं चिडून जोरात ओढलं आणि सगळं पान काळं झालं. तेवढ्यात त्याचा हात कीबोर्डवर टेकला. सिलेक्ट केलेल्या मजकुरावर एखादं बटण दाबलं गेलं की सगळा मजकूर जातो आणि तेवढं एक अक्षर उरतं. वीज कधी जाईल याचा नेम नसायचा, म्हणून मालकानं त्याला पढवून ठेवलं होतं, काहीबी झालं की आधी सेव्ह मार. भाच्यानं घाबरून सेव्ह मारलं. जवळपास कोरं पान सेव्ह झालं.

"मामा, माउस उडी मारायलाय!"

मालक माझ्याकडं वळला. "सकाळी साफ का केला न्हाई रं?"

"मी ऑपरेटर हाय, मालक. साफ करनार न्हाई. इथून पुढंबी न्हाई."

"अगा बाबा! विद्यापीठ तुमचं झालं, आता साध्या कामाचीबी लाज वाटायलीय व्हय?" तो गुरुजींकडं बघून हसला. गुरुजी चष्मा पुसायला लागले.

"साधं हाय तर भाच्याला सांगा."

"मग घरी जायचं."

"जातो. गुरुजींची पत्रिका कोण टाइप करनार, तेवढं सांगा."

गुरुजींनी चष्मा डोळ्यावर चढवला. "हे बघा, तुमचं काय ते नंतर मिटवा. मला पत्रिका घेऊनच गाडीत बसायचंय."

मालकाच्या तोंडातला तंबाखू थांबला. मग भाच्याला म्हणाला, "उघड रं ते."

भाच्यानं माउस पालथा केला, झाकण फिरवलं. गोळी तळहातावर पडली, तिच्याबरोबर केसांचा गुंता आणि ओलसर काळा गोळा.

"छी! मामा, थुका हाय का काय ह्यात?" त्यानं हात झटकला. गोळी घरंगळत टेबलाखाली गेली.

मी इतके महिने ते खरवडत होतो. त्या दुकानात छी कुणी म्हटलं नव्हतं.

"त्याच्याकडं दे," मालक सवयीनं म्हणाला.

मी कीबोर्ड पुढं ओढून शाळेचं नाव पुन्हा टाइप करत होतो. दोन्ही हात तिथंच ठेवले. मान वर केली नाही. भाचा हात पुसायला फडकं शोधत बाहेर गेला. शेवटी मालक खुर्ची मागं सारून खाली वाकला आणि टेबलाखाली हात घालून गोळी चाचपायला लागला.